ट्रेलरची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? नवी आणण्याआधी ही मापं घ्या

गाडीमागे ओढायच्या, आत राहायची सोय असलेल्या ट्रेलरमध्ये रात्री दोन-अडीचला हीटरचा पंखा सुरू होतो, पण नेहमीच्या जोरात नाही. धापा टाकल्यासारखा फिरतो, गॅस पेटतच नाही, आणि थोड्या वेळाने तोही गप्प बसतो. सकाळी बाहेर जाऊन मीटर लावावा तर बॅटरी १०.९ व्होल्ट. दिवसभर चार्जिंगला लावली की ठणठणीत दिसते. पुढच्या मुक्कामाला पुन्हा तेच रडगाणं.

या एका दुखण्यापायी मी दोन बॅटऱ्या बदलल्या. दोन्ही काही महिने छान चालल्या आणि मग पहिलीच्याच वाटेने गेल्या. तिसरी आणायला निघालो तेव्हा कुठे डोक्यात आलं, की ज्या घरात एकही भाडेकरू टिकत नाही तिथे भाडेकरूंना दोष देण्यात अर्थ नसतो. मग बसून मोजमाप केलं. दोष दोन निघाले, दोन्ही फुकटात दुरुस्त होणारे, आणि दोन्हींचा बॅटरीशी थेट संबंध नव्हता. ते पुढे येतीलच.

आधी एक गैरसमज काढून टाका. आत भिंतीवर चार दिव्यांचा जो फलक असतो, ज्यावर रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि पूर्ण असं दिसतं, तो बॅटरीतला साठा मोजत नाही. तो त्या क्षणाचं व्होल्टेज दाखवतो. बाहेरची वीज जोडलेली असेल तर कन्व्हर्टरचे (बाहेरची वीज बॅटरीजोगी करून तिला चार्ज करणारा डबा) साडेतेरा व्होल्ट तिथे पोचतात आणि चारही दिवे लागतात, मग बॅटरी मेलेली का असेना. मी दीड वर्ष त्या चार दिव्यांवर विश्वास ठेवला.

लागणारं सामान थोडंच आहे. एक मल्टिमीटर, एक क्लॅम्प मीटर (तारेला चिमटा लावून करंट मोजणारा), आणि बॅटरी झाकणं उघडून पाणी घालायची असेल तर एक हायड्रोमीटर, आतल्या आम्लाची घनता मोजायला. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी करंट मोजतो याची खात्री करा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या तारेवर लावले की शांतपणे शून्य दाखवतात. काम सुरू करण्याआधी हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ उतरवा. पाना दोन्ही टर्मिनलना एकदम टेकला तर क्षणात लाल होतो. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर बॅटरीशेजारीच गॅसची टाकी बसवलेली असते, शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे ठिणगीचा खेळ तिथे नकोच. टाकीची चावी बंद करा. तार काढताना निगेटिव्ह आधी काढा, लावताना निगेटिव्ह शेवटी लावा.

आता प्रश्न तीनच आहेत आणि ते याच क्रमाने विचारायचे. बॅटरी स्वतः चार्ज धरते का? तिच्यापर्यंत चार्ज पोचतो का? आणि गुपचूप कोण खातंय? क्रम मोडला की उत्तरं चुकतात. उतरलेल्या बॅटरीवर बाकीच्या चाचण्या केल्या तर सगळंच बिघडलेलं दिसतं.

बॅटरी स्वतः शाबूत आहे का

बॅटरी वेगळ्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा, दोन्ही तारा सोडवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजू नका. तेव्हा वरवरचा फुगलेला आकडा मिळतो, कधी १३ च्याही वर. सकाळी मोजा. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. १२.१ ते १२.२ म्हणजे निम्मी. ११.९ च्या खाली गेली तर ती जवळपास रिकामी समजा. १२ व्होल्टच्या बॅटरीत १२ व्होल्ट आहेत म्हणजे सगळं ठीक, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती निम्म्याच्याही खाली उतरलेली असते.

रात्रभर नुसती राहून ती १२.३ वर आली, तर बॅटरीच गेली आहे. झाकणं उघडणारी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेल तपासा. भरलेल्या सेलमध्ये घनता १.२६५ च्या आसपास असते. पाच सेल १.२६ आणि एक १.१८ असं दिसलं, तर तो एक सेल बाकी पाचांना घेऊन बुडणार. असली बॅटरी कितीही चार्ज करा, पालथ्या घड्यावर पाणी.

व्होल्टेज बरोबर आहे, पण साठाच उरलेला नाही, असंही होतं, आणि ते नुसत्या मीटरने कळत नाही. ८० अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर तिच्यावर साधारण ४ अँपिअरचा सलग भार लावा (जुने पिवळे दिवे यासाठी उत्तम) आणि घड्याळ लावून बसा. भार चालू असताना व्होल्टेज १२ च्या आसपास यायला साधारण १० तास लागायला हवेत. तीन तासांतच तिथे पोचली, तर नावावर ८० आणि पोटात २५ असा प्रकार आहे. कंटाळवाणी चाचणी आहे, पण खोटं बोलत नाही. संपली की बॅटरी त्याच दिवशी पुन्हा चार्जिंगला लावा.

साठा असा का आटतो? बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर लेड सल्फेटचे खडे धरतात. सुरुवातीला ते मऊ असतात आणि चार्ज केल्यावर विरघळतात. आठवडे गेले की घट्ट होतात, मग तेवढा पत्र्याचा भाग कायमचा कामातून जातो. म्हणून एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी लगेच चार्ज केली तर बहुधा वाचते, आणि महिनाभर तशीच ठेवली तर बहुधा जाते.

बॅटरीची जातही तपासा. गाडीचं इंजिन सुरू करायची बॅटरी क्षणभर प्रचंड करंट द्यायला बनवलेली असते. तिचे पत्रे पातळ असतात आणि खोलवर उतरणं तिला सोसत नाही. ट्रेलरला डीप सायकल लागते, जाड पत्र्यांची. दोन्हींच्या मधली एक दुहेरी जात ट्रेलरसाठी म्हणून विकली जाते. तिच्यावर इंजिन सुरू करण्याच्या अँपिअरचा आकडा ठळक आणि अँपिअर-तास बारीक अक्षरात असतील, तर ती कुठल्या बाजूला झुकलेली आहे ते समजून घ्या. माझी पहिली बॅटरी असलीच होती.

दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर सुट्या करून वेगवेगळ्या तपासा. एक आजारी असली की ती दुसरीला रात्रभर पीत बसते आणि सकाळी दोघीही सारख्याच उतरलेल्या दिसतात.

चार्ज पोचतो का

बहुतेकांचं घोडं इथे अडतं, आणि सगळ्यात कमी तपासणीही इथेच होते.

बाहेरची वीज काढलेली असताना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि लिहून ठेवा. वीज जोडा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा तिथेच मोजा. आकडा वर गेला पाहिजे. जुना एकाच टप्प्याचा कन्व्हर्टर १३.६ च्या आसपास देतो. नवे बहुटप्पी आधी १४.४ पर्यंत नेतात, मग १३.६ आणि शेवटी १३.२ वर येऊन थांबतात. १३.२ ते १४.४ मधलं काहीही दिसलं तर चार्ज पोचतो आहे. आकडा १२.४ होता आणि १२.४ च राहिला, तर कन्व्हर्टर आणि बॅटरी यांच्यामध्ये कुठेतरी वाट तुटली आहे.

आधी बॅटरी तोडायचं बटण बघा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत इथेच झाली. ट्रेलर उभा करून ठेवताना मी शिस्तीत ते बटण बंद करायचो आणि बॅटरी भरलेली राहावी म्हणून बाहेरची वीज जोडून ठेवायचो. कित्येक ट्रेलरमध्ये ते बटण बंद केलं की कन्व्हर्टरसुद्धा बॅटरीपासून तुटतो. आतले दिवे विजेवर लख्ख पेटत होते, फलकावर चारही दिवे होते, आणि बाहेर बॅटरी तीन महिने उपाशी. वर आणखी म्हणजे गॅस-सूचक (गॅस गळला तर इशारा देणारा) त्या बटणाच्या अलीकडून, म्हणजे बॅटरीच्या बाजूने जोडलेला होता. तो तिला रोज थोडं थोडं पीतच होता. विजेवर ठेवायचं असेल तर बटण चालू ठेवा. बटण बंद ठेवायचं असेल तर निगेटिव्ह तारच काढा.

बटण चालू असूनही आकडा हलत नसेल, तर कन्व्हर्टरच्या फ्यूज पेटीत ओळीच्या कडेला जवळजवळ बसवलेले दोन मोठे फ्यूज शोधा, बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचे. बॅटरीच्या तारा क्षणभर जरी उलट जोडल्या गेल्या, तरी कन्व्हर्टर वाचवण्यासाठी हे फ्यूज उडतात. मग लक्षण मोठं फसवं असतं. विजेवर सगळं चालतं, वीज काढली की सगळं अंधारात. "काल नवी बॅटरी बसवली आणि आज काहीच चालत नाही" असं कुणी म्हणालं की मी आधी हेच दोन फ्यूज बघायला सांगतो. ट्रेलरच्या वायरिंगमध्ये पॉझिटिव्ह बऱ्याचदा काळ्या रंगाची आणि निगेटिव्ह पांढरी असते. गाडीच्या सवयीने काळी म्हणजे निगेटिव्ह धरली की झालाच घोटाळा.

फ्यूजही शाबूत असतील तर बॅटरीपासून हातभर अंतरावर दांडीला एक छोटा ब्रेकर असतो. तो आपोआप पुन्हा जुळणारा असतो, पण उघड्यावर बसवलेला असल्याने पाणी-चिखलाने आतून गंजतो. दोन्ही स्क्रूंवर आळीपाळीने मीटर लावा, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर. एका बाजूला १३.६ आणि दुसऱ्या बाजूला १२.४ दिसले तर चोर सापडला.

माझा दुसरा दोष मात्र यांपैकी कशातच नव्हता. निगेटिव्ह तार बॅटरीपासून निघून चासीला एका स्क्रूने घट्ट केलेली असते. तो स्क्रू थेट रंगावरून पत्र्यात घुसवलेला होता. खाली रंग, वर गंज, आणि मध्ये कसाबसा टेकलेला लग, म्हणजे तारेच्या टोकाची कडी. कुठलाही भार नसताना मीटरला काहीच वावगं दिसत नव्हतं. दोष करंट वाहू लागला की उघडा पडतो, म्हणून हे माप भाराखालीच घ्यायचं. आतला हीटरचा पंखा आणि सगळे दिवे चालू करा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरं चासीच्या खरवडून चकचकीत केलेल्या जागेवर धरा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोडणी खराब. माझ्याकडे ०.८ दिसले. म्हणजे कन्व्हर्टर १३.६ पाठवत होता आणि चार्जिंगला करंट वाहू लागला की बॅटरीपर्यंत त्यातले जेमतेम १२.८ पोचत होते. एवढ्यावर शिसे-आम्ल बॅटरी कधीच भरत नाही.

स्क्रू काढला, रंग धातूपर्यंत घासला, आरपार भोक पाडून नट-बोल्ट आणि दातेरी वॉशर लावला, वरून ग्रीस. अर्ध्या तासाचं काम. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. आत फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही चार्ज झाल्यावर. पत्रे उघडे पडले असतील तर चार्ज करण्याआधी ते बुडतील इतपतच घाला. काठोकाठ भरलं तर चार्ज होताना आम्ल उतू जातं आणि दांडी गंजते.

वाटेत गाडीकडून होणाऱ्या चार्जिंगबद्दलही लोकांच्या भलत्या अपेक्षा असतात. इंजिन चालू, सात पिनांचा प्लग जोडलेला, आणि ट्रेलरच्या बॅटरीवर मीटर. आकडा १३ च्या वर गेला नाही तर काहीच मिळत नाही असं समजा. काही गाड्यांत त्या पिनेचा फ्यूज किंवा रिले कारखान्यातून बसवलेलाच नसतो. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा) हुशार असतो, स्वतःच्या गाडीची बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो, मागे ओढत असलेल्या बिचारीचा विचार करत नाही. आणि तार बारीक असते. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जायची-यायची मिळून १२ मीटर, त्यातून २० अँपिअर नेले तर जवळपास ०.७ व्होल्ट वाटेतच जिरतात. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत दीड व्होल्टच्या वर. त्यात फ्रीज १२ व्होल्टवर ठेवून प्रवास केला तर तो १२ ते १५ अँपिअर घेतो, आणि दिवसभर गाडी चालवून मुक्कामी पोचेपर्यंत बॅटरी चार्ज व्हायच्या ऐवजी उतरलेली असते.

गुपचूप कोण खातंय

बॅटरी चांगली, चार्जही पोचतो, तरी उभ्या ट्रेलरमध्ये आठवड्यात उतरते? मग गळती शोधायची. बाहेरची वीज काढा, सगळं बंद करा, ट्रेलर ठेवताना जसा ठेवता तसा ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून तिच्या आणि खुंटाच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून जोडा. मीटर मध्ये असताना विजेवर चालणारा जॅक, बाहेर सरकणारी खोली किंवा पाण्याचा पंप चुकूनही चालवू नका. मीटरचा फ्यूज जातो आणि पुढची सगळी मापं शून्य येतात. ते शून्य बघून लोक खूष होतात.

दोन-तीन मिनिटं थांबून आकडा घ्या. ०.०५ ते ०.३ अँपिअर असणं नेहमीचंच. अर्ध्या अँपिअरच्या पुढे गेला तर शोध घ्या. अर्धा अँपिअर ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण दिवसाला १२ अँपिअर-तास होतात. ८० च्या बॅटरीतले वापरण्याजोगे ४० धरले तर सव्वातीन दिवसांत खेळ खलास.

मीटर तसाच ठेवून आत एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजबरोबर आकडा पडतो, त्या वाटेवर चोर. नेहमीचे संशयित असे: टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर, ज्याचा मिणमिणता दिवा कपाटात वर्षानुवर्षं जळत असतो. रेडिओ. फ्रीजचा कंट्रोल बोर्ड, आणि त्याहून वाईट म्हणजे फ्रीजच्या दाराभोवती दव धरू नये म्हणून असलेली छोटी हीटर तार, जिचं बटण कुणालाच माहीत नसतं. गॅस-सूचक बहुधा ०.१ अँपिअरच्या आसपास घेतो. त्याला मात्र माफ करायचं. ट्रेलरमध्ये कुणी झोपत असताना त्याचा फ्यूज काढणं म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठी माणूस पणाला लावणं. उलट त्याच्यावरची तारीख बघा, साधारण ५ ते ७ वर्षांत तो बदलावा लागतो.

सगळे फ्यूज काढले तरी आकडा तसाच? मग जे थेट बॅटरीला जोडलेलं आहे तिकडे वळा: जॅक, इन्व्हर्टर, आणि ब्रेकअवे स्विच. हा शेवटचा विसरला जातो. ट्रेलर गाडीपासून सुटला तर दोरीने पिन ओढली जाते आणि ब्रेक पूर्ण लागतात, यासाठी तो असतो. पिन अर्धवट बाहेर आली असेल किंवा आत पाणी जाऊन तो जुळला असेल, तर चारही चाकांचे ब्रेक-चुंबक प्रत्येकी ३ अँपिअरच्या आसपास, म्हणजे एकूण १२ अँपिअर ओढत राहतात. बॅटरी एका रात्रीत आडवी, चुंबकं तापून जळायच्या बेताला. काहीजण उतारावर ट्रेलर घसरू नये म्हणून मुद्दाम ही पिन ओढून ठेवतात. असं करू नका. त्यासाठी चाकाखाली ठोकळे असतात.

इन्व्हर्टरचा एक गमतीशीर प्रकारही पाहिला आहे. एकाने इन्व्हर्टर बसवला आणि ट्रेलरची बाहेरच्या विजेची केबल सरळ त्यालाच जोडली, म्हणजे आतली सगळी सॉकेट चालतील. चालली. पण कन्व्हर्टरला वाटलं बाहेरून वीज आली, आणि तो बॅटरीतूनच वीज घेऊन बॅटरीलाच चार्ज करायला लागला. फ्रीज 'ऑटो'वर होता, त्याने गॅस सोडून विजेची ३०० वॅटची कांडी पेटवली. म्हणजे बॅटरीकडून २५ अँपिअरहून जास्त. दोन तासांत सगळं थंड, फ्रीज सोडून. इन्व्हर्टरवर चालवताना कन्व्हर्टरचा ब्रेकर बंद आणि फ्रीज गॅसवर, हा नियम दारावर लिहून ठेवा.

काहीच बिघडलेलं नाही, हिशेब बिघडलाय

वरचं सगळं तपासून निर्दोष निघालं, तर बहुतेकदा बॅटरी जेवढी आहे त्याहून खर्च जास्त आहे. गॅस हीटरला गॅस लागतो, पण पंख्याला वीज लागते. तो पंखा ७ अँपिअर घेत असेल आणि थंडीच्या रात्री ९ तासांपैकी निम्मा वेळ चालला, तर ३१ ते ३२ अँपिअर-तास गेले. वापरण्याजोगे होते ४०. त्यात जुने पिवळे दिवे, प्रत्येकी दीड अँपिअरचे, पाच दिवे चार तास म्हणजे आणखी ३०. थंडीत बॅटरीचा साठाही आकसतो. पहाटे पंखा मंदावतो, हवेच्या झोताने दाबली जाणारी पट्टी पुरती ढकलली जात नाही, आणि ती दाबली गेल्याशिवाय हीटर गॅस सोडतच नाही. म्हणून "हीटर बिघडला" अशा तक्रारीत मी आधी व्होल्टेज विचारतो.

सुधारणा करायची तर

पहिला पैसा एलईडी दिव्यांवर. खर्च दहाव्या हिश्श्यावर येतो. दुसरा शंटवर (बॅटरीच्या तारेत बसवून करंट मोजायच्या पट्टीवर) चालणाऱ्या बॅटरी मॉनिटरवर, जो येणारा-जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो. हा आधी असता तर माझ्या दोन बॅटऱ्या वाचल्या असत्या. मग जुना एकटप्पी कन्व्हर्टर बदलून बहुटप्पी. वाटेत खरंच चार्ज हवा असेल तर ट्रेलरच्या बाजूला डीसी-डीसी चार्जर, जो कमी आलेलं व्होल्टेज उचलून बॅटरीला हवं तेवढं देतो.

सोलर चांगलंच, पण छतावर सपाट बसवलेलं १०० वॅटचं पॅनल भर उन्हात ५ ते ६ अँपिअर देतं आणि चांगल्या दिवसात २५ ते ३० अँपिअर-तास. झाडाखाली उभं केलं तर त्यातलं जवळपास काहीच नाही, आणि आपण सगळे नेमके झाडाखालीच उभं करतो.

लिथियमच्या (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) मोहात शेवटी पडा. वजन निम्म्याहून कमी, साठा जवळपास पूर्ण वापरता येतो. पण तिला १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात, जुन्या कन्व्हर्टरच्या १३.६ वर ती नीट भरत नाही. शून्य अंशाखाली ती चार्ज करता येत नाही, चांगल्या बॅटरीतला बीएमएस (तिची राखण करणारं आतलं सर्किट) तेव्हा चार्जिंग तोडतो, म्हणजे बाहेर दांडीवर ठेवणं थंडीत निरुपयोगी. ती करंट इतका ओढते की थेट जोडलेला अल्टरनेटर तापतो, त्यामुळे डीसी-डीसी चार्जर आलाच. आणि तिचं व्होल्टेज भरलेली असताना आणि बरीचशी उतरलेली असताना जवळपास सारखंच असतं, त्यामुळे तिथे मल्टिमीटरने साठा ओळखता येत नाही. गंजलेला स्क्रू तसाच ठेवून लिथियम बसवली तर महागडी बॅटरीही अर्धपोटीच राहील.

एक शेवटचा चोर सांगायचा राहिला, कारण तो फ्यूज काढूनही सापडत नाही. सामान ठेवायच्या बाहेरच्या कप्प्यात दार उघडलं की लागणारा दिवा असतो. मोजमाप करताना दार उघडं असतं, दिवा लागलेला दिसतो, तो लागणारच म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. दार बंद केल्यावर तो विझतो का, हे बाहेरून कळणार कसं? फोनचा व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवा, दार लावा, दहा सेकंदांनी उघडा आणि बघा.